नवा टीव्ही आणला, पण चित्र खरंच सुधारलं का? आणि संवाद ऐकू का येत नाहीत?

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे दहा वर्षं जुना ४० इंची फुल एचडी टीव्ही होता. महिन्यापूर्वी त्याच्या जागी ५५ इंची फोर-के एलईडी आला. जुना चालू स्थितीत असल्यामुळे टाकवेना, म्हणून तो आतल्या खोलीत लावला. परवा रात्री दोन्हीवर एकच सिनेमा लावून आळीपाळीने पाहिला आणि तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

नव्यावर सगळं झगझगीत दिसतं, पण माणसांचे चेहरे मेण चोपडल्यासारखे वाटतात. कॅमेरा जरा सरकला की सिनेमा पाहतोय असं न वाटता मालिकेच्या सेटवर उभं असल्यासारखं वाटतं. रात्रीच्या प्रसंगात काळ्याच्या जागी निळसर राखाडी धुकं. जुन्यावर तोच प्रसंग छोटा दिसतो, तपशीलही कमी, पण बघायला बरा वाटतो.

दुसरं दुखणं आवाजाचं. बाबांना संवाद कळत नाहीत. कुणी बोलायला लागलं की ते आवाज ३५ वर नेतात, गोळीबार सुरू झाला की घाईघाईने १५ वर आणतात. दोन तासांत रिमोट हातातून खाली ठेवला जात नाही. गेल्या आठवड्यात साऊंडबार आणि छोटा सबवूफर जोडला. धडामधुडूम वाढलं, संवाद होते तिथेच आहेत.

खोली साडेचार मीटर बाय साडेतीन. टीव्ही लांब भिंतीवर, समोरच्या भिंतीला टेकून सोफा, मधलं अंतर तीन मीटर. टीव्हीच्या एका बाजूला मोठी खिडकी, दुसरीकडे मोकळी भिंत, खाली उघडी फरशी.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. टीव्ही चुकला का आमचं काही चुकतंय?

प्रतिसाद १

पिक्चर मोड कुठला आहे?

धागाकर्ती

आत्ता पाहिलं. 'व्हिव्हिड'. आल्यापासून तोच आहे, कुणी हातच लावला नव्हता.

प्रतिसाद २

तिथेच निम्मं उत्तर आलं.

व्हिव्हिड मोड दुकानासाठी असतो. लखलखीत दिव्यांखाली शेजारी शेजारी दहा टीव्ही लावलेले असताना गिऱ्हाइकाची नजर आपल्याकडे खेचायची, एवढंच त्याचं काम. म्हणून पांढरा रंग निळसर केलेला असतो, बॅकलाइट पूर्ण चढवलेला असतो आणि सगळे रंग ताणलेले असतात. सिनेमा ज्या मॉनिटरवर तयार होतो तिथला पांढरा साधारण ६५०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) असतो, म्हणजे ढगाळ दुपारच्या उजेडासारखा. त्याच्या जवळ जाणारा मोड म्हणजे 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर'. फिल्ममेकर मोड यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओंच्या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केला, आणि त्यात टीव्हीच्या स्वतःच्या बहुतेक 'सुधारणा' बंद असतात.

आधीच सांगून ठेवतो, मोड बदलल्यावर पहिल्या दहा मिनिटांत चित्र पिवळट आणि मरगळलेलं वाटेल. तरी परत जाऊ नका. दोन-तीन संध्याकाळी तसंच पाहा. डोळे एकदा सरावले की जुना मोडच निळा दिसायला लागतो.

आता चेहऱ्यांबद्दल. मेण चोपडल्यासारखं दिसण्याला दोन गोष्टी मिळून कारण आहेत. 'नॉइज रिडक्शन' हा पर्याय चित्रातली बारीक रवाळ खरखर पुसायला जातो आणि त्याबरोबर त्वचेचा पोतही पुसून टाकतो. मग 'शार्पनेस' त्या गुळगुळीत चेहऱ्याभोवती कडा ओढतो. शार्पनेस वाढवल्याने तपशील वाढत नाहीत, जे आहे त्याच्या कडेला पांढरी-काळी रेघ येते. शेवटी नामावली येते ना, ती थांबवून टीव्हीच्या अगदी जवळ जा आणि अक्षरांभोवती पांढरी किनार दिसते का बघा. ती नाहीशी होईपर्यंत शार्पनेस उतरवत न्या. काही टीव्हींवर शून्य म्हणजे बंद, तर काहींवर शून्याला चित्र उलट धूसर होतं, त्यामुळे आकड्यापेक्षा किनारीवर भरवसा ठेवा.

मालिकेसारखं दिसतं ते फ्रेम्समुळे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही त्या दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनाने नवी चित्रं घालतो आणि हालचाल तुळतुळीत करतो. एलजीत याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीत मोशनफ्लो, सॅमसंगमध्ये पिक्चर क्लॅरिटी. सिनेमासाठी बंद करा.

प्रतिसाद ३

वरच्या प्रतिसादाला +१, पण शेवटच्या मुद्द्याला थोडा आक्षेप आहे.

६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारा टीव्ही असेल तर २४ चित्रं ६० मध्ये समान वाटता येत नाहीत. एक चित्र तीनदा दाखवायचं, पुढचं दोनदा, परत तीनदा. टीव्हीने हे नीट सावरलं नाही तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळत चालल्यासारखं दिसतं, आणि काही जणांना ते फार खुपतं. १२० हर्ट्झच्या पॅनेलवर प्रत्येक चित्र बरोब्बर पाच वेळा दाखवता येतं, तिथे हा प्रश्न मुळातच नाही. त्यामुळे सरसकट बंद करण्याआधी तो पर्याय १० पैकी १-२ वर ठेवून पाहा. आणि खेळांचे सामने बघताना खुशाल चालू ठेवा. हिरव्या मैदानावरून वेगाने जाणारा चेंडू त्याने खरोखर स्वच्छ दिसतो. सिनेमाला एक मोड आणि सामन्यांना वेगळा, असं दोन्ही साठवता येतं.

प्रतिसाद २

मान्य. ६० हर्ट्झचा विचार मी केला नव्हता.

प्रतिसाद ४

तुलना करण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो, कारण दोन खोल्यांत दोन टीव्ही आळीपाळीने बघून निष्कर्ष काढला की हमखास फसायला होतं. या खोलीतून त्या खोलीत जाईपर्यंत डोळे नव्या उजेडाला जुळवून घेतात. शिवाय दोनपैकी जे चित्र जास्त उजळ असतं तेच आपल्याला चांगलं वाटतं, ही डोळ्यांची सवय आहे. कानांचंही तसंच. दोन स्पीकरपैकी एक जरासा मोठा वाजला तरी तोच 'स्वच्छ' वाटतो. म्हणून तुलना करायची तर एकाच खोलीत, एकाच उजेडात आणि एकाच स्रोतावरून करा, आणि त्याआधी दोन्हींचा उजळपणा जवळपास सारखा करून घ्या.

मग एक प्रसंग थांबवून पाहायचा. मी चार जागा बघतो. काळ्या केसांतल्या बटा वेगळ्या दिसतात का, पांढऱ्या शर्टाच्या चुण्या दिसतात का, तिन्हीसांजेच्या उजेडातला चेहरा माणसाचा वाटतो का, आणि आकाशात रंगांचे पट्टे पडलेत का. पट्टे दिसले तर लगेच टीव्हीला दोष देऊ नका, ते बहुधा स्रोतातच असतात. फोर-के ब्लू-रे डिस्कवरून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येऊ शकते. इंटरनेटवरून येणारा फोर-के सिनेमा साधारण १५ ते २५ मेगाबिटमध्ये बसवलेला असतो. धूर, पाऊस, पाण्याचे तुषार, अंधार अशा जागी हा फरक नजरेत भरतो.

तीन मीटर अंतर ५५ इंचांना जास्त आहे, हेही सांगायला हवं. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद असतो. तीन मीटरवरून तो जेमतेम २३ अंशांत दिसतो. सिनेमासाठी किमान ३० अंश धरतात, त्यासाठी तुम्हाला २.३ मीटरवर बसावं लागेल. आणि निरोगी नजरेला ५५ इंचांवरचे फुल एचडीचे ठिपके साधारण २.२ मीटरपलीकडून वेगळे दिसतच नाहीत. तुमच्या सोफ्यावरून फोर-केचे जादा ठिपके डोळ्यांपर्यंत पोचत नाहीयेत.

प्रतिसाद ५

काळ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. एलईडी टीव्हीत पॅनेलमागे दिवे असतात आणि पॅनेल तो उजेड अडवतं. पॅनेलचे मुख्य प्रकार दोन, आयपीएस आणि व्हीए. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, हजाराला एकच्या आसपास असतो, व्हीए पॅनेलचा त्याच्या तिप्पट-चौपट किंवा जास्तही. अंधाऱ्या प्रसंगात हा फरक लपत नाही. ओळखायची सोपी खूण म्हणजे समोरून उठून अगदी कडेला जाऊन उभं राहायचं. तिथूनही रंग जवळपास तसेच राहिले तर बहुतेक आयपीएस, आणि चित्र फिकं पडलं तर व्हीए. (कडेच्या कोनासाठी खास थर लावलेले काही व्हीएही असतात, तेवढा अपवाद.)

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरा काळा. मिनी-एलईडीत मागचे दिवे शेकडो भागांत मंद करता येतात, पण काळ्या पडद्यावर पांढरं सबटायटल आलं की त्याभोवती थोडी प्रभा दिसू शकते.

घरात आहे तोच टीव्ही ठेवायचा असेल तर त्याच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, ६५०० केल्विनचा मंद दिवा लावा. पूर्ण अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि राखाडी जास्त राखाडी दिसतो. भिंतीवर थोडा उजेड असला की तोच राखाडी काळ्याजवळ जातो. हा दिवा लावल्यापासून माझी डोकेदुखीही थांबली.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून हे सगळं केलं.

सिनेमा मोड, रंगछटा 'वॉर्म', नॉइज रिडक्शन बंद. नामावली थांबवून पडद्याच्या जवळ गेले तर प्रत्येक अक्षराला खरंच पांढरी किनार होती. शार्पनेस ५० वरून १० वर आणला तेव्हा ती गेली. मग परवाचाच सिनेमा लावला. त्यात एक म्हातारी बाई कंदिलाच्या उजेडात बसलेली आहे. परवा तिचा गाल गुलाबी प्लॅस्टिकचा वाटला होता. काल तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरचा बारीक घाम आणि कंदिलाकडच्या बाजूला केसांच्या कडेवर आलेली सोनेरी झाक दिसली. मी तो प्रसंग तीनदा पाहिला.

६० हर्ट्झचं पॅनेल निघालं, म्हणून हालचालीचा पर्याय २ वर ठेवलाय. कडेला उभं राहून पाहिलं, रंग फारसे बदलत नाहीत, म्हणजे आयपीएस. मागे दिवा लावणार आहे.

आता आवाजाकडे वळूया?

प्रतिसाद ६

हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

सिनेमाच्या ५.१ ध्वनिपटात जवळजवळ सगळे संवाद मधल्या, म्हणजे सेंटर चॅनेलमध्ये असतात. डावा-उजवा संगीत आणि परिसराचे आवाज सांभाळतात, मागचे दोन घेरून टाकतात, आणि तो '.१' गडगडाटासाठी असतो. हे सगळं दोनच चॅनेलांत कोंबलं की संवाद डाव्या-उजव्यात वाटले जातात आणि संगीताच्या, स्फोटांच्या गर्दीत सापडतात. तुमच्याकडे हेच होत असणार.

म्हणून आधी तीन गोष्टी तपासा. तुमचा बार २.१ आहे का ३.१? पहिला आकडा तीन म्हणजे सेंटरसाठी वेगळा स्पीकर आहे. दुसरं, एचडीएमआय केबल टीव्हीच्या कुठल्या खाचेत आहे? जिच्याजवळ 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलंय तीच हवी, टीव्हीतला आवाज बारकडे तिथूनच बाहेर पडतो. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर आहे का? साध्या एआरसीवर आणि ऑप्टिकल केबलवर पीसीएम म्हणजे फक्त दोन चॅनेल. तुमच्या बारमध्ये सेंटर असला तरी त्याला वेगळा सेंटर मिळतच नाही. 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा.

धागाकर्ती

बार ३.१ आहे. केबल ऑप्टिकल होती, खोक्यात तीच वर सापडली म्हणून तीच लावली होती. आउटपुट पीसीएमवर! आता एआरसीच्या खाचेत एचडीएमआय लावून 'ऑटो' केलं. बारच्या पडद्यावर पहिल्यांदाच 'डॉल्बी' अशी अक्षरं उमटली.

प्रतिसाद ६

छान. अर्धी लढाई जिंकलीत. आता सबवूफर कमी करा. संवाद दबताहेत म्हटल्यावर सगळे आवाज वाढवतात, पण जाड आवाज बोलण्यावर पांघरूण घालतो. सबवूफर आधी अगदी खाली न्या, मग एकेक पायरी चढवा, आणि पुरुषाचा आवाज घागरीतून आल्यासारखा वाटायला लागला की दोन पायऱ्या मागे या.

जागाही महत्त्वाची आहे. एकमेकींपासून साडेतीन मीटरवर असलेल्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४९ हर्ट्झच्या लाटेचं बरोबर ठाण बसतं. भिंतीला टेकून बसलेल्याला तो सूर फुगून ऐकू येतो, म्हणजे तुमचा सोफा नेमका त्याच्या तोंडी आहे. शक्य तेवढा पुढे ओढा. मघाशी २.३ मीटरचा हिशोब आला होता, तिथवर आलात तर चित्र आणि आवाज दोन्हींचं काम होईल.

सबवूफरची जागा शोधायची पद्धत अशी. तो उचलून तुमच्या बसायच्या जागी, सोफ्यावर ठेवा. ओळखीचं, सलग बास असलेलं गाणं लावा. मग जिथे जिथे तो ठेवणं शक्य आहे तिथे जमिनीलगत कान नेऊन ऐका. एका कोपऱ्यात घूं घूं घुमेल, दोन हात सरकलं की आवाज नाहीसा होईल, आणि एखाद्या जागी प्रत्येक सूर सारखा ऐकू येईल. सबवूफर तिथे ठेवायचा.

प्रतिसाद ७

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली तर दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. व्यंजनांच्या कडा यातच झिजतात. उघड्या फरशीवर सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा टाका आणि खिडकीला जड पडदा लावा. मोकळ्या भिंतीसाठी आरशाची युक्ती आहे. एक जण सोफ्यावर बसतो, दुसरा भिंतीला चिकटवून आरसा सरकवत नेतो. बसलेल्याला आरशात बार दिसला की तिथे खूण करायची, आवाज भिंतीवर आपटून कानाकडे वळतो ती हीच जागा. तिथे पुस्तकांनी भरलेलं कपाट ठेवा. आवाज शोषला जातो आणि विखुरतोही.

अवांतर : जास्त वॅटचा बार घेण्याच्या मोहात कुणी पडू नये. कानाला दुप्पट मोठा वाटायला आवाज सुमारे १० डेसिबलने वाढावा लागतो आणि त्याला दहापट वॅट लागतात. १०० चे २०० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल मिळतात.

प्रतिसाद ८

एक वेगळा मुद्दा, वडिलांबद्दल. वय वाढलं की कान वरच्या पट्टीतले आवाज आधी गमावतात. 'स', 'श', 'फ', 'थ' ही व्यंजनं त्याच पट्टीत असतात. म्हणून वडील 'ऐकू येतंय पण कळत नाहीये' म्हणत असतील तर ते अगदी खरं सांगताहेत. त्यांना आरडाओरडा नको असतो, स्पष्टता हवी असते. बारमध्ये 'डायलॉग' किंवा 'व्हॉइस' मोड असेल तर लावा. 'नाइट मोड' ने स्फोट खाली येतात आणि कुजबूज वर येते, त्याने रिमोटची धावपळ थांबेल. आणि एकदा त्यांची श्रवणचाचणी करून घ्याच. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही तीन वर्षं नुसता टीव्हीचा आवाज वाढवत राहिलो. तेवढ्या काळात ती जेवताना आमच्या गप्पांतूनही बाजूला पडत गेली होती, आणि हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. याची मला अजून हळहळ वाटते.

धागाकर्ती

प्रतिसाद ८, तुमचं लिहिलेलं वाचून थांबले. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मला वाटायचं हल्लीचे लोक नीट बोलतच नाहीत." पुढच्या आठवड्यात चाचणीला नेतेय.

बाकीचं काम या रविवारी केलं. सोफा पुढे आला, मागे चालायला वाट झाली. आरसा मी धरला, बाबा सोफ्यावर बसून "अजून डावीकडे, थांब, दिसला!" करत होते. तिथे पुस्तकांचं कपाट आलं. सबवूफर कोपऱ्यातून निघून खिडकीखाली गेला. गालिच्यावर टाळीची शेपटी जवळजवळ गेली.

रात्री सिनेमा लावला. आवाज १८ वर. पहिल्या अर्ध्या तासात बाबांनी एकदा रिमोट उचलला, तोही पाणी प्यायला थांबवण्यासाठी.

एक नवीन अडचण आहे. दार आपटल्याचा आवाज दार लागायच्या किंचित आधी येतो. का?

प्रतिसाद ६

चित्रावर प्रक्रिया करायला टीव्हीला वेळ लागतो आणि आवाज तेवढ्यात पुढे निघून जातो. आवाज चित्राच्या आधी आला की फार लवकर खटकतं. सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे असला तरी जाणवायला लागतो, मागे असला तर १२५ पर्यंत सहसा लक्षात येत नाही. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, उजेड लगेच पोचतो, त्यामुळे आवाज मागून येण्याची आपल्याला जन्मापासून सवय असते. बारच्या किंवा टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'ऑडिओ डिले' किंवा 'ए-व्ही सिंक' शोधा आणि १० च्या पायऱ्यांनी वाढवत जा. टाळी किंवा हातोड्याचा प्रसंग लावून जुळवा. पुढे हालचालीचा पर्याय बदललात तर हे पुन्हा तपासावं लागेल, कारण त्याने चित्राला लागणारा वेळ बदलतो.

धागाकर्ती

८० वर जुळलं. दार आणि आवाज आता एकत्र.